बंदराबाहेरचे दिवस

अमरावती
१८ जून २०२३

प्रिय एस्तेर,

परवा तू फोन केलास. प्रवीणने तो माझ्या कानाला लावून दिला, मी हो-हो म्हणत राहिले आणि ठेवून दिला. खरं सांगायचं तर मला निम्मंही कळलं नाही. कानातलं यंत्र घातलं की भांडी मोठ्याने वाजतात आणि माणसं हळू बोलतात. म्हणून आता तुझ्याशी पत्रानेच बोलायचं ठरवलंय. तुझं अक्षर मला नीट ऐकू येतं.

प्रवीणकडे, मुलाच्या घरी, आम्ही सुखात आहोत. पण संध्याकाळ झाली की भिलाई आठवते. सेक्टर पाचमधली आपली समोरासमोरची दारं, मधलं मुरमाचं अंगण, शिफ्ट सुटल्यावर एकामागून एक येणाऱ्या सायकली. प्लांटच्या बाजूचं आभाळ एकदम लाल व्हायचं आणि पोरं ओरडायची, "भट्टीने पान खाल्लं!" इथल्या आभाळाला काही होत नाही. दिवाळीत माझ्या चकल्या तुझ्याकडे, नाताळात तुझ्या करंज्या माझ्याकडे. तुझ्या करंज्यांना माझ्यापेक्षा जास्त पापुद्रे सुटायचे, हे मी तेव्हा कधी कबूल केलं नाही.

तुझा भूषण कुठे आहे? भिलाईच्या पोराला समुद्राचं वेड कुठून लागलं, हे ह्यांना अजून कळत नाही. म्हणतात, "तांदुला धरणापलीकडे त्याने पाणी पाहिलं नव्हतं, आणि गेला जहाजावर फिटर होऊन!" त्याच्या लग्नाचं कुठवर आलं?

सुमंतरावांचे गुडघे कसे आहेत? सविस्तर लिही.

तुझी पद्मा

रुआबांधा, भिलाई
९ जुलै २०२३

पद्माताई,

तुम्हाला आणि हरिभाऊंना माझा सलाम. पत्र मिळालं. पोस्टमनने माझ्या नावाने हाक मारली तेव्हा मला वाटलं बँकेचं काही असेल.

इकडे सगळं ठीक. भूषणचे पप्पा सकाळी फिरायला जातात, गुडघा दुखला की वाटेत कोणाच्या तरी ओट्यावर बसतात आणि तिथे चहा घेऊन येतात. आपल्या जुन्या क्वार्टरवरून मी मागे एकदा गेले होते. तुमच्या दारातला पेरू नव्या लोकांनी तोडला आहे. चर्चच्या मंडळीत आता मराठी घरं तीनच उरलीत. उपासना हिंदीत असते. पाळकसाहेब भले आहेत, महिन्यातून एकदा आम्हाला एक मराठी गीत म्हणू देतात.

भूषण मजेत आहे. जहाज एका बंदराबाहेर उभं आहे, माल उतरायचा आहे. दिवाळीच्या सुमारास येईल.

पत्र लहान झालं. डोळे चुरचुरतात हल्ली.

एस्तेर

अमरावती
२० ऑगस्ट २०२३

एस्तेर,

काल ह्यांना खुर्सीपारहून तेजरामचा फोन आला होता. मिलमध्ये ह्यांच्या शिफ्टला होता तोच तेजराम. त्याने सहज विचारलं, "सुमंतभाऊंच्या पोराचं काही समजलं का? जहाज जप्त झालं म्हणतात ना?" ह्यांनी फोन ठेवला आणि आत येऊन मला सांगितलं.

मला का सांगितलं नाहीस? माल उतरायचा आहे म्हणे! पस्तीस वर्षं आपल्यात दार उघडं होतं, आणि तू मला पाहुण्यासारखं उत्तर दिलंस. डोळे का चुरचुरत होते ते आता कळलं.

रागावले आहे, पण ते नंतर. प्रवीणच्या ओळखीचे एक गृहस्थ दिल्लीत आहेत, परदेशात अडकलेल्यांची कामं पाहतात. सगळी माहिती पाठव. जहाजाचं नाव, बंदराचं नाव, किती माणसं, काय ते. आणि बसून राहू नका. खासदाराकडे जा, वर्तमानपत्रात द्या. देवाला हात जोडून जहाज सुटत नसतं.

पद्मा

रुआबांधा
१४ सप्टेंबर २०२३

पद्माताई,

रागावा. तुमचा हक्क आहे. लिहायला बसले की हात चालत नव्हता. कागदावर लिहिलं की ते खरं होईल असं वाटायचं.

आता सगळं सांगते. मार्चमध्ये जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर पोचलं आणि त्याच सुमारास मालकाने हात वर केले. ऑफिस बंद, फोन बंद. तिथल्या कोर्टाने जहाज अडकवून ठेवलं. पोरांवर काही गुन्हा नाही. पण सांभाळणारी माणसं नसतील तर नांगरलेलं जहाजसुद्धा धोक्याचं असतं, म्हणून बदली माणसं मिळाल्याशिवाय कोणाला उतरू देत नाहीत. किनारा दिसतो म्हणे. संध्याकाळी तिथल्या रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे दिसतात. पोहत जावं इतकं जवळ, आणि जाता येत नाही.

डिझेल पुरवून वापरावं लागतं, म्हणून जनरेटर थोडाच वेळ लावतात. तेवढ्यात मोबाइल चार्ज करायचा. आठवड्यातून एकदा त्याचा फोन येतो. "मम्मी, ठीक हूं. चावल है, मच्छी पकड़ लेते हैं." मी विचारते, झोप लागते का? तो म्हणतो, "तू काळजी करू नको ना," आणि लाइन कटते. ही दोन-तीन वाक्यं मी मग आठवडाभर पुरवते.

तुम्ही म्हणता तसं आम्ही बसून नाही. खासदारांच्या ऑफिसात गेलो, दिल्लीला अर्ज गेला, प्रवीणच्या ओळखीच्या गृहस्थांनाही आज सगळं कळवलं आहे. जे करायचं ते करतो. पण ते संपल्यावर दिवस उरतोच ना? त्याचं काय करायचं? रोज दिवेलागणीला आम्ही दोघं बसून प्रार्थना करतो. पाळकसाहेब म्हणाले, देवाची वाट पाहायला शिका, तो उशीर करत नाही. मी ते घट्ट धरलं आहे. त्याच्या हातात पोर सोपवलं आहे, तो सांभाळेल. तुम्हीही धीर धरा, ताई. देव ऐकतो.

एस्तेर

अमरावती
५ ऑक्टोबर २०२३

एस्तेर,

तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि पत्र उलटं करून ठेवलं.

हेच वाक्य तू मला आधी एकदा सांगितलं आहेस. वैभवीला मेंदूज्वर झाला तेव्हा. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा हात धरून तू म्हणालीस, "धीर धरा ताई, देव ऐकतो." माझी नऊ वर्षांची पोर दोन दिवस "बाबा कधी येतील?" विचारत होती. हे तेव्हा कंपनीच्या कामाने राउरकेल्याला होते. गाडी मिळून येईपर्यंत सगळं संपलं होतं. मीही तेव्हा थांबले होते, एस्तेर. माझ्या देवासमोर थांबले, तुझ्या देवासमोरही थांबले. कोणी ऐकलं?

तुझा भूषण सुखरूप यावा हे मी रोज मनात म्हणते. पण कोणाला म्हणते ते मला माहीत नाही. आणि थांबण्याचा धडा मला पुन्हा शिकवू नकोस.

पद्मा

रुआबांधा
२६ नोव्हेंबर २०२३

पद्माताई,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. तुमच्या पत्राचा राग आला म्हणून नव्हे. उत्तर नव्हतं म्हणून.

मधे काय झालं ते आधी सांगते. ऑक्टोबरच्या शेवटी फोन आला, एकाच्या जागी बदली माणूस मिळाला, कोणी उतरायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि भूषणच्या नावाची निघाली. मी वेड्यासारखी घरभर फिरले. गाद्या उन्हात घातल्या. मंडळीत उभी राहून साक्ष दिली, "देवानं ऐकलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या राधाबाईंनी ठेठरी करून आणून ठेवली, भूषणला आवडते म्हणून.

आणि मग तो आलाच नाही. त्याने आपली जागा दुसऱ्याला दिली. विजयकुमार नावाचा वयाने मोठा माणूस आहे, विशाखापट्टणमकडचा. त्याची मुलगी दवाखान्यात होती. भूषण म्हणाला, "मम्मी, उसका जाना ज़रूरी था." मी म्हटलं, "आणि तुझं?" मी फोनवर ओरडले, ताई. पोटच्या पोरावर, समुद्रात अडकलेल्या पोरावर ओरडले. तेवढ्यात लाइन गेली, आणि पुढचा आठवडाभर माझं ते ओरडणंच त्याच्याजवळ राहिलं.

त्यानंतर मी तीन रविवार चर्चला गेले नाही. दिवेलागणीला भूषणचे पप्पा एकटेच बसायचे. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची. एके दिवशी ते म्हणाले, "कावून रुसून राहिली तू?" मी म्हटलं, "तुमच्या देवावर." तर हसले. "रुस ना. रुसल्यावर माणूस बोलत नाही, पण घर सोडून तं जात नाही. तू घरातच हाय. त्याले ते माहीत हाय."

मग मी जाऊन त्यांच्याजवळ बसले. प्रार्थना नाही केली. नुसती बसले. रोज तशीच बसते. आणि बसल्या बसल्या तुमचं पत्र आठवतं.

वैभवी गेली त्यानंतरचे दिवस. तुम्ही पायरीवर बसून राहायच्या, दोन वेण्या घातलेली कुठलीही पोर रस्त्याने गेली की उठून उभ्या राहायच्या. मी शेजारी येऊन बसायची. सांगण्यासारखं माझ्याजवळ एक वाक्यही उरलं नव्हतं. मी देवाला विचारलं होतं, का? उत्तर तेव्हा मिळालं नाही, आजही नाही. वैभवी माझ्या भूषणला काखेत घेऊन दोन्ही घरांतून हिंडायची, तो तिच्या फ्रॉकला दूध पुसायचा, हे मी विसरले नाही. माझ्या प्रार्थनेत तिचं नाव अजून असतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही तिचं नाव घेणं सोडलं होतं.

पाळकसाहेबांचं वाक्य मी फार सहज तुमच्यापुढे टाकलं. मला वाटायचं, विश्वास ठेवणं म्हणजे शेवट चांगला होईल अशी खात्री बाळगणं. आता तशी खात्री नाही. तरी सोडवत नाही, त्याच्याजवळ बसावंसं वाटतं. याला विश्वास म्हणतात का, ते मला कळत नाही.

एस्तेर

अमरावती
६ डिसेंबर २०२३

एस्तेर,

पत्र तीनदा वाचलं. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वैभवीचं नाव आलं तिथे ह्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. आमच्या घरात ते नाव फार वर्षांनी उच्चारलं गेलं.

मी येते आहे. बडनेऱ्याहून गाडी आहे, प्रवीण दुर्गपर्यंत सोडून परत जाईल. सुमंतरावांना स्टेशनवर येऊ देऊ नकोस, रिक्षा करून येईन. हे इथेच राहतील, सुनेच्या हातचं त्यांना आवडतं, कबूल करत नाहीत एवढंच.

शिकवायला येत नाही आणि शिकायलाही नाही. तू बसतेस तिथे मला थोडी जागा ठेव.

पद्मा

अमरावती
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय एस्तेर,

सुखरूप पोचले. तुझ्याकडे दीड महिना राहून आले आणि तरी पहिल्याच आठवड्यात पत्र लिहिते आहे, म्हणून सून हसते. पण एक गोष्ट तोंडाने सांगायची राहून गेली. घरात आनंद इतका होता की मधे हे घालावंसं वाटलं नाही.

भूषण आला त्या दुपारचं सांगते आहे. सुटका झाली एवढंच आपल्याला कळलं होतं. यायला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाला होता. तू आणि सुमंतराव चर्चमध्ये कोणाच्या तरी बारशाच्या प्रार्थनेला गेला होतात. मी घरी एकटी, आणि यंत्र काढून ठेवलेलं. दारात पोरगा उभा राहून बेल वाजवतोय, हाका मारतोय, आणि मी आत निवांत तांदूळ निवडतेय! त्याच्या मोबाइलमध्ये जीव नव्हता. वाळलेले कपडे काढायला म्हणून मी बाहेर आले, तर फाटकाबाहेर पायरीवर कोणीतरी पाठमोरं बसलेलं. केस वाढलेले, खांदे बारीक. मी ओरडले, "कोण आहे रे?" त्याने वळून पाहिलं आणि म्हणाला, "मौशी, मैं. भूषण." ओठांवरून कळलं मला.

मी त्याला विचारलं, किती वेळ बसला होतास? तर हसला. "आता थांबायची सवय झाली आहे."

आत आणून मी त्याला पाणी दिलं, वरण-भात वाढला. तो जेवत होता आणि मी समोर बसून विचारलं, जे तू कधी विचारलं नाहीस. त्या माणसाला तू जागा का दिलीस? तुझ्या आईने गाद्या उन्हात घातल्या होत्या रे. त्याने घास खाली ठेवला. यंत्र घातलं होतं मी तोवर, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

म्हणाला, "मौशी, विजयकुमार अण्णांची मुलगी दवाखान्यात विचारत होती, अप्पा कब आएंगे? फोनवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आणि मला वैभवीताई आठवली. मला तिचा चेहरा आठवत नाही. पण मम्मी सांगायची ना, ती बाबांची वाट पाहत होती आणि काका राउरकेल्याहून पोचले नाहीत. लहानपणापासून ऐकलं आहे. मग मला चिठ्ठीवरचं माझं नाव वाचवेना."

ती मुलगी वाचली, एस्तेर. बाप वेळेवर पोचला. भूषणला त्याने जहाजावर निरोप पाठवला होता.

मी उठून ओसरीवर गेले. तू आलीस तेव्हा माझे डोळे लाल होते, तुला वाटलं भूषण आला म्हणून. ते होतंच. पण त्याच्या आधी हे होतं.

आता नीट ऐक. वैभवी यासाठी गेली असं मी म्हणणार नाही. तुझ्या देवालाही तसं म्हणू देणार नाही. माझ्या पोरीचा हिशेब त्या पोरीशी लावायचा नाही. पण इतकी वर्षं मला वाटत होतं की तिचं ते विचारणं हवेत विरून गेलं, कोणापर्यंत पोचलंच नाही. ते पोचलं होतं. तुझ्या पोराच्या कानात जाऊन बसलं होतं. तुझ्याकडे दिवेलागणीला मी बसायची तेव्हा मला काही म्हणता येत नव्हतं, पण उठावंसंही वाटत नव्हतं. ते काय होतं हे मी तुला विचारत नाही. तूही सांगू नकोस.

ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "तो बाप पोचला ना? बरं झालं." मग वैभवीचा फोटो कपाटातून काढून बैठकीत लावला. खिळा स्वतः ठोकला, वाकडा.

भूषणला खाऊ घाल. खांदे भरू देत.

तुझी पद्मा

रुआबांधा
१ सप्टेंबर २०२४

पद्माताई,

तुमचं ते पत्र मी भूषणला दाखवलं नाही. एकदा वाटलं दाखवावं, मग वाटलं, त्याने जे सहज केलं त्याचं त्याला ओझं नको.

आज सांगायची गोष्ट वेगळी आहे. भूषण परत गेला. जूनपासून त्याची चुळबुळ चालू होती. इथे एका वर्कशॉपमध्ये लागला होता, काम चांगलं होतं, पण जेवता जेवता हात थांबायचा आणि नजर भिंतीच्या पार जायची. एक दिवस म्हणाला, "मम्मी, दूसरी कंपनी है. सगळी चौकशी केली आहे. जाऊ?"

माझ्या ओठांवर "नाही" आलं होतं. रात्रीचं जेवण तसंच राहिलं. भूषणचे पप्पा म्हणाले, "रोखून ठेवशील तं राहील तो. आईचं ऐकते. पण घरात राहून हरवून जाईल पोरगा." मी म्हटलं, "आणि पुन्हा अडकला तर?" ते म्हणाले, "तं पुन्हा बसू."

चार दिवसांनी मी हो म्हटलं. आनंदाने नाही म्हटलं, ताई. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? आपण बसायचो त्या जागी जाऊन बसले, म्हटलं, प्रभू, मागच्या वेळी तू मला काही कबूल केलं नव्हतंस, याही वेळी करत नाहीस. पण मागच्या वेळी तू उठून गेला नाहीस. तेवढ्यावर पाठवते.

काल दुर्गला त्याला सोडायला गेलो. गाडी सुटताना दारात उभा राहून म्हणाला, "कब आऊंगा, पूछोगी नहीं?" मी म्हटलं, "नाही. नीट जेवत जा." गाडी गेली. रडले, पण लोक बघतील इतकं नाही.

भूषणच्या पप्पांचा गुडघा धरला होता म्हणून प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर टेकलो. शेजारी एक कोवळ्या वयाची सून बसली होती, नवीन लुगडं, कडेवर बाळ. सारखी उठून रुळाकडे बघायची. तिने मला विचारलं, "काकर रद्दा देखत हव, दाई?"

कोणाची वाट पाहता, असं विचारत होती ती. मी म्हटलं, "काकरो नहीं, बेटी. बस बइठे हन."

बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की हे खरं आहे. पोरगा नुकताच गेला होता आणि मी कोणाची वाट पाहत नव्हते. नुसती बसले होते, आणि आत शांत होतं.

तिचा नवरा पंजाबातून वीटभट्टीच्या कामावरून येत होता. गाडीला उशीर होता, किती ते कोणी सांगेना. बाळ किरकिरायला लागलं. भूषणच्या पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग मी बाळाला मांडीवर घेतलं, आणि ते तिच्यासाठी चहा आणायला लंगडत गेले.

तिची गाडी येईपर्यंत आम्ही तिच्याजवळ बसून राहिलो.

तुमची
एस्तेर